जिऱ्याचं गुरगुरणं

पहिल्यांदा गुरगुरला तेव्हा आम्ही सगळे हसलो.
दोन किलोचा जीव, कुलरच्या स्टँडखाली,
तोंडात बाबांचा मोजा,
आणि आवाज असा, की लांब कुठे
कोराडीच्या रस्त्यावर भरलेला ट्रक चढ चढतोय.
भोयर वहिनींनी व्हिडिओ काढला,
"पाहा ना, काहून चिडून राह्यला एवढुसा!"
मोजा ओढला, सोडला, पुन्हा ओढला.
तोच खेळ झाला त्या उन्हाळ्याचा.

मोठा कुत्रा असता तर कोणी हसलं नसतं.
लहान असण्याचं हेच असतं,
राग आला तरी लोक गाल ओढतात.

मग मे. पारा पंचेचाळीस.
टबात पाणी भरायला बाबा वाकले
आणि जिऱ्याने अंगठ्याला दात लावले.
दोन लाल ठिपके.
साबण, नळाखाली हात, मग इंजेक्शन,
पण त्याच्याही आधी बाबांनी चप्पल उचलली होती.
ती उचलण्याची पद्धत
मला ओळखीची आहे.

धंतोलीत डॉक्टर लांजेवार
त्याचे कान तपासता तपासता म्हणाल्या,
"गुरगुरतो म्हणून मारलंय का कधी?"
"मग काय डोक्यावर बसवायचा?" बाबा.
"मारलंत तर गुरगुरणं जाईल.
राग कुठे जातो?
पुढच्या वेळी न सांगता चावेल, एवढंच."
वजनकाट्यावर जिरा: तीन किलो दोनशे.
बाबा तो आकडा बराच वेळ बघत होते.

घरी येऊन शिकायला लागलो. आम्ही. तो नाही.
वाटी हिसकायची नाही.
तो खात असताना बाजूने जायचं
आणि जाता जाता चिकनचा एक तुकडा टाकायचा,
म्हणजे येणारा हात न्यायला नाही, द्यायला येतो
हे हळूहळू त्याच्या पोटात उतरेल.
मोज्याच्या बदल्यात पनीर.
वरून डोक्यावर हात नाही.
खाली बसायचं, जरा तिरकं, आणि वाट बघायची.
मनस्वीला सांगितलं, तीन आकडे मोजेपर्यंत लाड,
मग हात मागे.
पुन्हा आला तर हो. वळला तर नाही.
चार वर्षांची पोरगी, तिला एका दुपारीत कळलं.
बाबांना जून उजाडला.

पहाटे साडेपाचला निघतो.
नंतर डांबर तापतं; तळहात उलटा टेकवून बघते मी आधी.
तर्री-पोह्याच्या गाडीपाशी तो काळा, कानफाटका बसलेला असतो.
पूर्वी तो दिसला की मी जिऱ्याला उचलायचे,
आणि माझी धडधड
थेट त्याच्या पोटाला लागायची.
मग तो माझ्या काखेतून जगावर भुंकायचा.
आता दोरी सैल सोडते,
रस्ता ओलांडते, बोलत राहते काहीबाही,
भाजीचा भाव, वीजबिल.
परवा काळ्याने बघितलं, जिऱ्याने बघितलं,
आणि दोघांनी मान फिरवली.
मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.
वाजवल्या नाहीत. खिशातून एक शेंगदाणा दिला.

बिघडतंच मध्ये मध्ये.
गॅसवाला आला की अजूनही थैमान.
फटाक्यांत काय होईल माहीत नाही.

काल रात्री लाइट गेली. कुलर थांबला,
आणि घरात अचानक खूप शांतता.
बाबा फरशीवर बसलेले, गुडघे दुखत असूनही,
समोर अंधारात जिरा आणि त्याचा मोजा.
हात पुढे गेला असावा, कारण तो ट्रक सुरू झाला.
"बरं," बाबा म्हणाले. "नाही घेत."
हात मागे घेतल्याचा आवाज नसतो,
पण मला ऐकू आला.

मग बऱ्याच वेळाने, माझ्या दिशेला न बघता,
"तू पण अशीच गुरगुरायची, लहान होतीस तेव्हा."
"मग?"
"मग बंद झाली."

लाइट आली. कुलर खडखडला,
वाळ्याचा ओला वास खोलीभर.
जिरा मोजा चावत होता.
बाबा तिथेच बसून होते.